चारित्र्य पडताळणीला सामोरं जाताना: फॉर्ममध्ये काय सांगायचं आणि फोनमध्ये काय सांभाळायचं

अंतिम निवड यादीत नाव आलं की सांगली, मिरज, विश्रामबागच्या अभ्यासिकांमध्ये पेढे वाटले जातात. गावाकडे फ्लेक्स लागतो आणि आठवडाभर फोन थांबत नाही. त्यानंतर साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी भरायचा फॉर्म, हातात पडतो आणि पोरं एकदम गप्प होतात. मग प्रश्न येतात: "सर, फेसबुक डिलीट करू का?" "लॉकडाऊनमधली ती केस लिहायची का?" "पोलीस मोबाइल बघतात का?"

हा लेख अशाच मुलामुलींसाठी आहे. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँक, रेल्वे, अग्निवीर यांपैकी कशातही निवड झाली असेल किंवा होण्याच्या वाटेवर असाल, तरी तो उपयोगी पडेल. इथे दोन कामं वेगवेगळी आहेत आणि बहुतेक जण त्यांची सरमिसळ करतात. सरकारने फॉर्ममध्ये जे विचारलंय ते खरं आणि पूर्ण सांगणं हे पहिलं काम. सरकारने न विचारलेली तुमची खासगी माहिती नेट कॅफे, व्हॉट्सअॅप ग्रुप, एजंट आणि भामट्यांच्या हाती पडू न देणं हे दुसरं. पहिल्यात लपवाछपवी केली तर नोकरी जाते. दुसऱ्यात हयगय केली तर बँक खातं, सिमकार्ड आणि कधीकधी अब्रूही धोक्यात येते.

पडताळणी नेमकी होते कशी

निवड झाल्यावर तुमचा विभाग साक्षांकन नमुना भरून घेतो आणि तुमच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे पाठवतो. तिथून कागद तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जातो. ठाण्यातले गोपनीयचं काम पाहणारे अंमलदार गुन्ह्यांच्या नोंदी तपासतात. आता सगळी ठाणी सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यावर आहेत, त्यामुळे दुसऱ्या ठाण्यातली नोंदही दिसू शकते. मग गावात पोलीस पाटलांकडे, शेजाऱ्यांकडे चौकशी होते, तुम्हाला ठाण्यात बोलावतात, कागद पाहतात, जबाब घेतात आणि अहवाल वर जातो. राखीव जागेवर निवड असेल तर जात पडताळणी समितीचं काम वेगळं चालतं. तिथल्या दक्षता पथकाची गृहचौकशी ही निराळी गोष्ट आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

या साखळीत सोशल मीडिया कुठे येतो? नेहमीच्या राज्य सेवेच्या पडताळणीत मुख्य भर गुन्ह्यांच्या नोंदींवर आणि स्थानिक चौकशीवर असतो. पण उघड्यावर ठेवलेली पोस्ट कुणीही पाहू शकतो, अंमलदारही पाहू शकतो. उत्तराखंड पोलिसांनी २०२१ मध्ये पासपोर्टच्या पडताळणीत समाजमाध्यमांवरचं वर्तन पाहणार असल्याचं जाहीर केलं होतं. गुप्तवार्ता, संरक्षण अशा संवेदनशील पदांवर चौकशी साहजिकच खोलवर जाते. म्हणून "कोण बघतंय" असं समजून निश्चिंत राहू नये आणि "सगळं बघतात" या भीतीने रात्रभर खाती उडवत बसू नये.

पायरी पहिली: फॉर्म हातात यायच्या आधी स्वतःची चौकशी स्वतः करा

पोलीस जे शोधतील ते तुम्हाला आधी माहीत असलं पाहिजे. ही पायरी सगळ्यात मोलाची आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाते.

ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं संकेतस्थळ किंवा अॅप उघडा. महाराष्ट्र, मग सांगली जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडा. सांगली, मिरज, तासगाव, विटा, इस्लामपूर अशी तालुका न्यायालयंही वेगवेगळी शोधावी लागतात. पक्षकाराच्या नावाने शोधताना वर्ष टाकावं लागतं, म्हणून अठराव्या वर्षापासून आजपर्यंतचं एकेक वर्ष टाकून पाहा. नाव मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगच्या दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहा. त्यानंतर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध झालेले प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर, संवेदनशील गुन्हे वगळता, हे अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकणं पोलिसांना सांगितलं गेलं आहे.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे नावाचा घोळ. आपल्याकडे एकाच गावात एकाच भावकीत नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असलेली दोन-तीन माणसं सहज सापडतात. त्यातल्या एकावर गुन्हा असेल तर कागदावर तो तुमच्या गळ्यात पडू शकतो. असं दिसलं तर त्या खटल्यातल्या आरोपीचं वय, पत्ता आणि आईचं नाव तुमच्यापेक्षा वेगळं असल्याचे पुरावे आधीच गोळा करून ठेवा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड. पोलीस ठाण्यात जबाब देताना ते सोबत हवेत.

दुसरी म्हणजे विसरलेली केस. लॉकडाऊनमध्ये सरकारी आदेश मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली हजारो तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. पुढे २०२२ मध्ये राज्य सरकारने असे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. पण सरकारने जाहीर केलं म्हणजे तुमच्या खटल्यात न्यायालयाचा आदेश झालाच असं गृहीत धरू नका. न्यायालयाच्या नोंदीत तुमचं प्रकरण निकाली निघालंय का ते पाहा, आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि जपून ठेवा. आंदोलनाचंही तेच. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्यावर पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. आपल्या भागातली कितीतरी पोरं तेव्हा पुण्यातच अभ्यासाला होती. अशा कुठल्याही मोर्चात पोलिसांनी नाव लिहून घेतलं असेल तर पुढे त्याचं काय झालं हे तुम्हाला ठाऊक हवं.

मग गुगल. ब्राउझरच्या गुप्त खिडकीत, लॉग इन न करता, स्वतःचं नाव शोधा. नावाबरोबर गाव, कॉलेज, मोबाइल नंबर, ईमेल असं जोडूनही पाहा. फोटो विभागही पाहा. निकालाच्या पीडीएफ, कॉलेजच्या याद्या, जुन्या नोकरी संकेतस्थळावरचा बायोडेटा, विवाहसंस्थेवरची माहिती, असं बरंच काही वर येतं. सापडलेल्या प्रत्येक गोष्टीचा स्क्रीनशॉट काढून एका वहीत नोंद करा: काय सापडलं, कुठे, कोणाच्या हातात आहे.

पायरी दुसरी: फॉर्म भरताना

केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे सलग एक वर्षाहून जास्त राहिलात ते सगळे पत्ते मागतात. आपल्या जिल्ह्यात हा रकाना अनेकांना अडचणीत आणतो. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी, मंडळी देशभर पसरलेली आहेत. बारावीनंतर दोन वर्षं काकांच्या दुकानात केरळात किंवा तमिळनाडूत काढलेली मुलं फॉर्ममध्ये सरळ गावचा पत्ता लिहितात, कारण आधारवर तोच असतो. पण फेसबुकवर कोइमतूरचे फोटो, गुगल मॅप्सवर तिथल्या हॉटेलांची परीक्षणं आणि बँक खात्याची शाखाही तिथलीच. ही विसंगती लपवण्यासाठी फोटो पुसत बसण्यापेक्षा पत्ता लिहा. त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडेही पडताळणी जाईल, थोडा वेळ लागेल, इतकंच. घरमालकाचं किंवा दुकानमालकाचं नाव, कालावधी आणि हद्दीतलं पोलीस ठाणं आधीच लिहून ठेवा.

अटक झाली होती का, खटला चालला का, दंड झाला का, स्थानबद्ध केलं होतं का, परीक्षेतून वगळलं गेलं होतं का, असे प्रश्न एकापाठोपाठ येतात. प्रत्येक शब्द वाचा. "खटला चालू आहे का" आणि "कधी चालला होता का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सुटका झाली असली तरी दुसऱ्याचं उत्तर "होय" असतं. फॉर्मवरच छापलेलं असतं की खोटी माहिती देणं किंवा खरी माहिती दडवणं ही अपात्रता ठरेल. फॉर्म दिल्यानंतर अटक किंवा खटला झाला तर तोही तातडीने कळवायचा असतो, नाहीतर माहिती दडवली असंच धरलं जातं. हे वाक्य बहुतेक जण वाचतच नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या खटल्यात हा विषय सविस्तर मांडलाय. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. तरुणपणी घोषणा देण्यासारखा किरकोळ प्रकार सांगायचा राहिला असेल तर नोकरी देणारा तो सोडून देऊ शकतो. गंभीर गुन्हा दडवला असेल तर नेमणूक रद्द करू शकतो. खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतोच. म्हणजे खरं सांगितल्याने नोकरीची हमी मिळत नाही. पण दडवल्यावर मूळ किरकोळ केस बाजूला पडते आणि "खोटं बोलला" हाच मुख्य मुद्दा होऊन बसतो. कितीतरी चांगली पोरं केसमुळे नव्हे, त्या एका रकान्यामुळे अडकली आहेत. माझं मत स्पष्ट आहे: शंका असेल तर लिहा, सोबत आदेशाची प्रत जोडा.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा, कारण तो फार थोड्यांना माहीत असतो. अठरा वर्षांखाली असताना बाल न्याय मंडळापुढे प्रकरण गेलं असेल आणि ते बंद किंवा निकाली झालं असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी ती नोंद उघड करायची नाही. कलम २४ दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रताही काढून टाकतं. सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या अतिगंभीर गुन्ह्याचा खटला प्रौढांप्रमाणे चालला असेल तर नियम वेगळा. अशी पार्श्वभूमी असलेल्याने फॉर्म भरण्याआधी वकिलाकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन सल्ला घ्यावा. कायद्याने दिलेलं हे संरक्षण वापरायला कमीपणा वाटून घेऊ नये.

राजकीय मतांबद्दलही घाबरणारे खूप. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाची नोकरी पोलिसांच्या अहवालावरून गेली होती. त्याने पूर्वी एका संघटनेच्या आणि पक्षाच्या कामात भाग घेतला होता, एवढंच कारण. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामशंकर रघुवंशी खटल्यात सांगितलं की पूर्वीच्या अशा राजकीय कामावरून सरकारी नोकरी नाकारता येणार नाही. कॉलेजात असताना कुठल्या पक्षाच्या सभेला गेलात म्हणून फोटो पुसत सुटण्याची गरज नाही.

भरलेल्या फॉर्मच्या प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो किंवा झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. दोन वर्षांनी प्रश्न आला तर काय लिहिलं होतं ते शब्दाशब्दाने माहीत हवं.

पायरी तिसरी: समाजमाध्यमांची साफसफाई

काय पुसायचं आणि काय ठेवायचं, हे आधी ठरवा. तुमच्यावर गुन्हा दाखल असेल किंवा तक्रार झाली असेल तर त्या प्रकरणाशी संबंधित एकही पोस्ट, चॅट किंवा व्हिडिओ पुसू नका. पुरावा म्हणून न्यायालयात येऊ शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद ती येऊ नये म्हणून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. आधी वकिलाशी बोला.

हे नसेल तर स्वतःच्या भिंतीवरचा जुना कचरा काढण्यात गैर काही नाही. खासगी आयुष्य खासगी ठेवणं हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात एकमुखाने सांगितलंय.

सगळ्यात आधी ज्या गोष्टी थेट गुन्ह्यात बदलतात त्यांकडे बघा. तलवारीने किंवा कोयत्याने केक कापल्याचे फोटो, हातात हत्यार घेऊन काढलेली रील, "भाई"च्या वाढदिवसाचं स्टेटस. पश्चिम महाराष्ट्रात अशा फोटोंवरून शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या वरचेवर येतात. फोटो काढणारा, कापणारा आणि स्टेटस ठेवणारा सगळेच गोत्यात येतात. दुसरं, जातीधर्मावरून पेटवणारा मजकूर. शेजारच्या साताऱ्यात पुसेसावळीला सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. "फॉरवर्ड आलं म्हणून टाकलं" हे उत्तर तिथे चालत नाही. तुमच्या खात्यावर असं काही असेल तर ते काढणं आणि पुन्हा न टाकणं हे नोकरीच्या आधी माणूस म्हणून करायचं काम आहे.

सरकारी धोरणावरची सभ्य टीका, भरतीतल्या दिरंगाईवरचा राग, शेतकऱ्यांच्या प्रश्नावरची पोस्ट यांत गुन्हा नाही. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलंय. अशा पोस्ट ठेवायच्या की फक्त मित्रांपुरत्या करायच्या हे तुम्ही ठरवा. मी स्वतः असं सुचवतो की शिवीगाळ असलेलं काढा, मत असलेलं राहू द्या.

आता प्रत्यक्ष काम. त्यासाठी एक अख्खी दुपार काढा.

फेसबुक: आधी तुमच्या माहितीची प्रत डाउनलोड करा, म्हणजे पुसल्यावर हळहळ नको. मग सेटिंगमध्ये जुन्या पोस्ट फक्त मित्रांना दिसतील असं एकाच बटणाने करता येतं. दुसऱ्यांनी टॅग केलेल्या पोस्ट तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या प्रोफाइलवर येणार नाहीत अशी सोय चालू करा. मंडळाच्या मिरवणुकीत कुणी काय टॅग करेल याचा भरवसा नसतो. जन्मतारीख, फोन नंबर, नातेवाईक हे रकाने बंद करा. अॅक्टिव्हिटी लॉगमध्ये जाऊन जुन्या कमेंटही पाहा. लोक पोस्ट पुसतात, पण नेत्याच्या पेजवर रात्री दोन वाजता केलेली कमेंट तशीच राहते.

इन्स्टाग्राम खासगी करा, पण एवढ्यावर समाधान मानू नका. फॉलोअर्सची यादी स्वतः चाळा आणि अनोळखी लोक काढा. यूट्यूबवरच्या कमेंट गुगल खात्याच्या माझी अॅक्टिव्हिटी या विभागात सापडतात. गुगल मॅप्सवर लिहिलेली सगळी परीक्षणं तुमच्या नावावर एकत्र दिसतात आणि त्यांवरून तुम्ही कधी कुठे होता हे कुणालाही कळू शकतं.

व्हॉट्सअॅपमध्ये जोडलेली उपकरणं पाहा. नेट कॅफेच्या संगणकावर उघडलेलं व्हॉट्सअॅप वेब महिनोन्महिने चालू राहिलेलं असू शकतं. दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून सहा आकडी पिन ठेवा. ग्रुपमध्ये कोण टाकू शकेल हे "माझे संपर्क" वर आणा. तुम्ही अॅडमिन असलेल्या जुन्या ग्रुपांची यादी काढा आणि ज्यांच्याशी संबंध उरला नाही तिथून बाहेर पडा. टेलिग्राममध्ये फोन नंबर कोणाला दिसतो ते "कुणालाच नाही" करा. पेपर "मिळवून देणाऱ्या" चॅनेलांत तुम्ही असाल तर ते आजच सोडा. परीक्षेच्या गैरप्रकारांवर आता २०२४ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे.

खोट्या खात्यांचं काय? तुमचा फोटो लावून कुणी प्रोफाइल काढलं असेल तर त्या माध्यमावर तोतयेगिरीची तक्रार करा, त्याचा स्क्रीनशॉट आणि पूर्ण लिंक जपा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवा. तो तक्रार क्रमांक पडताळणीच्या वेळी मोठा आधार ठरतो, कारण "ते खातं माझं नाही" असं तोंडी सांगण्यापेक्षा तारखेसह असलेली तक्रार वजनदार ठरते. मुलींनी हे काम आवर्जून करावं. निवड झाल्यावर सत्काराचे फोटो सगळीकडे फिरतात आणि त्यावरूनच खोटी खाती निघतात.

पायरी चौथी: कागदपत्रं बाहेर कशी जातात

माझ्या मते खरा धोका पोलीस ठाण्यात नाही, तो झेरॉक्सच्या दुकानात आणि "फॉर्म भरून मिळेल"च्या काउंटरवर आहे. पडताळणीच्या काळात आपण आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, पासपोर्ट साइज फोटो आणि सही हे सगळं एकाच वेळी, एकाच माणसाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो. कोणाच्याही नावावर कर्ज काढायला याहून जास्त काही लागत नाही.

अर्ज शक्यतो स्वतःच्या फोनवरून भरा. ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा कधीही नाही. पासवर्ड ठरवताना गावाचं नाव आणि जन्मवर्ष नको. दुकानात जावंच लागलं तर काम झाल्यावर डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करा, ईमेल आणि व्हॉट्सअॅप वेबमधून बाहेर पडा. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. चांगला दुकानदार याला कधीच नाही म्हणत नाही.

आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर पेनने आडवं लिहा: "फक्त अमुक पदाच्या पडताळणीसाठी", तारीख आणि सही. पूर्ण क्रमांक मागितलेला नसेल तिथे शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआय या आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढून द्या. भरतीच्या सूचनेत पूर्ण आधार मागितलं असेल तर मात्र तेच द्या, उगाच वाद घालू नका. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा आणि ठसा द्यायच्या दिवशी तात्पुरतं उघडा. गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं हेही तिथे पाहता येतं. आधारविषयी मदतीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. डिजिलॉकरमधल्या दाखल्यांना कायद्याने मूळ कागदाइतकाच मान आहे, म्हणून जिथे चालतं तिथे तेच दाखवा.

संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते तपासा. नियमानुसार एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ चालतात, पण तुम्हाला ठाऊक नसलेली एकही असेल तर ती तिथल्या तिथे "माझी नाही" म्हणून कळवा. त्या नंबरावरून फसवणूक झाली तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील, तेही नेमके पडताळणीच्या काळात.

बँकेत निवड झालेल्यांनी पत अहवालही (क्रेडिट रिपोर्ट) पाहावा. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांमध्ये रुजू होताना कर्जाचा इतिहास चांगला असावा अशी अट असते. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून दरवर्षी एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. क्लासची फी भरायला कर्ज देणाऱ्या अॅपवरून पाच-दहा हजार उचललेली मुलं कमी नाहीत. थकबाकी असेल तर ती फेडा आणि ना-थकबाकी दाखला घ्या. अॅप तुमचे संपर्क किंवा गॅलरी मागत असेल तर ते रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जवाटपाच्या नियमांविरुद्ध आहे. परवानगी काढून घ्या आणि तक्रार करा.

पायरी पाचवी: बोलावणं येतं तेव्हा

फोन येईल: "अमुक पोलीस ठाण्यातून बोलतोय, पडताळणीला या." आधी खात्री करा. ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधून उलट फोन करा किंवा सरळ ठाण्यात जा. निवड याद्यांमध्ये नाव, बैठक क्रमांक, कधी जन्मतारीखही जाहीर असते, त्यामुळे भामट्याला तुमच्याबद्दल बरंच माहीत असू शकतं. पडताळणीसाठी ओटीपी लागत नाही, स्क्रीन शेअर करावा लागत नाही, यूपीआयने "फाइल चार्ज" भरावा लागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. ठाण्यातल्याच कुणी किंवा मधल्या माणसाने लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

जाताना मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच न्या. सहीच्या आधी जबाब पूर्ण वाचा. साक्षांकन नमुन्यात पासवर्डचा रकाना नसतो आणि फोन उघडून देणं हा नेहमीच्या चारित्र्य पडताळणीचा भाग नाही. कुणी मागितलाच तर आवाज न चढवता विचारा: "साहेब, हे कोणत्या आदेशाखाली हवंय? लेखी मिळालं तर मी लगेच सहकार्य करतो." तुमच्यावर गुन्ह्याचा तपास चालू असेल तर परिस्थिती वेगळी, तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

सैन्यात जाणाऱ्यांना वेगळी शिस्त लागू होते. आपल्या भागात घरटी फौजी असलेली गावं आहेत, साताऱ्याजवळचं अपशिंगे तर त्यासाठी देशभर ओळखलं जातं. लष्कराने जुलै २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्रूकॉलर यांसह ८९ अॅप काढायला सांगितली होती. भरती झालेल्याने गणवेशातला फोटो, युनिट, प्रशिक्षण केंद्र, रेल्वेचं तिकीट यांपैकी काहीही स्टेटसला ठेवू नये आणि हे घरच्यांनाही नीट समजावून सांगावं. बहिणीने अभिमानाने टाकलेल्या रीलमधूनच माहिती बाहेर जाते. अनोळखी मुलीच्या नावाने येणाऱ्या मैत्रीच्या विनंत्या हेरगिरीसाठीही वापरल्या जातात, हे पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या.

राज्य सेवेत रुजू झाल्यावर महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागू होतात. त्यात भर म्हणून जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने समाजमाध्यमांच्या वापराबद्दल शासन निर्णय काढला: वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको, गोपनीय कागद टाकू नका, वैयक्तिक खात्यावर सरकारी बोधचिन्ह किंवा गणवेश वापरताना मर्यादा पाळा. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी हा निर्णय एकदा शांतपणे वाचा.

अहवाल प्रतिकूल आला तर

घाबरून राजीनामा किंवा माफीनामा लिहून देऊ नका. आधी कारण लेखी मागा. कारणे दाखवा नोटीस आली असेल तर दिलेल्या मुदतीत मुद्देसूद उत्तर द्या: नावसाधर्म्याचे पुरावे, न्यायालयाचे आदेश, फॉर्मची प्रत, खोट्या खात्याच्या तक्रारीचा क्रमांक. माहितीच्या अधिकारात तुमच्या स्वतःच्या अर्जाची प्रगती आणि कागद मागता येतात, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. गुप्त अहवालाचा काही भाग मात्र नाकारला जाऊ शकतो.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. क्लास किंवा नोकरीच्या संकेतस्थळाने तुमची माहिती विकली, पसरवली, तर पुढे त्याच्या आधारे दाद मागता येईल. सरकारी यंत्रणेला त्यात बऱ्याच सवलती आहेत, म्हणून पडताळणी थांबवण्याचं साधन म्हणून त्याच्याकडे पाहू नका.

राज्य सरकारच्या नोकरीचा वाद असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं, आपल्या भागासाठी ते मुंबईत आहे. केंद्राच्या बहुतेक नागरी नोकऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. न्यायाधिकरणात अर्ज करायला अंतिम आदेशापासून साधारण एक वर्षाची मुदत असते, म्हणून आदेश हातात पडला ती तारीख लिहून ठेवा आणि पाकिटही फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का मुदत मोजताना कामी येतो.